चौदा इंच

पाणी चांगलं निघालं, आणि मला वाईट वाटलं.

दुर्गजवळ धमधा रोडवर आमची एक एकर जमीन आहे, तिथल्या बोअरचं पाणी होतं ते. दोन बाटल्यांत मी स्वतः भरून आणलं होतं. आधी दहा मिनिटं पंप चालू ठेवला, मग बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळल्या, मग भरल्या. शाळेतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं, तरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार मला अजून उघडं होतं. तिथली लॅब असिस्टंट ममता माझीच विद्यार्थिनी. तिने ब्युरेट धुऊन ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, आप बैठिए, मैं कर देती हूँ." मी म्हटलं, नको, हे मलाच करायचं आहे.

पाण्याचा जडपणा मोजायची रीत सोपी आहे. पाण्यात सूचकाचे दोन थेंब टाकले की ते गडद लाल होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, एक द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि लाल रंग निळा होईपर्यंत किती लागलं ते वाचायचं. पाणी जितकं जड, तितकं द्रावण जास्त. शेजारच्या शेतातल्या पाण्यात डाळ शिजत नाही असं मी ऐकलं होतं. त्यामुळे मला मोठी आशा होती. थेंब पडत राहावेत, ब्युरेट अर्धं रिकामं व्हावं, असं मनात धरून मी उभी होते.

आठ पूर्णांक चार मिलिलिटरला रंग फिरला. म्हणजे जडपणा एकशे अडुसष्ट. दुसऱ्यांदा केलं, एकशे सत्तर आला. तिसऱ्यांदा पुन्हा एकशे अडुसष्ट. लोह नावापुरतं, फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी खाली. पिण्यासाठी याहून बरं पाणी मिळणं कठीण.

पाणी वाईट असतं तर मला एक शब्दही बोलावा लागला नसता.

माझे यजमान अरुणकुमार त्या महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होणार होते. तेहेतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये काढली, त्यातली एकवीस रेल मिलच्या तपासणी विभागात. निवृत्तीनंतर सेक्टर 2मधलं क्वार्टर सोडायचं होतं. त्या क्वार्टरमध्ये आम्ही एकतीस वर्षं राहिलो होतो. पुढे कुठे राहायचं, याची दोन उत्तरं समोर होती. एक म्हणजे तो एकर. तिथे अरुणकुमारांनी स्वतः काढलेल्या नकाशावर, स्वतःच्या मनासारखं घर बांधायचं. दुसरं, दुर्गमध्ये पद्मनाभपुरला लागून एका बिल्डरने उभी केलेली अडतीस घरांची कॉलनी. अडतीसच्या अडतीस एकसारखी. तेच गेट, तोच पिवळा रंग, तीच दीड माणूस मावेल एवढी बाल्कनी.

अरुणकुमारांना पहिलं हवं होतं आणि मला दुसरं. माझं त्यांना माहीत नव्हतं, कारण मी ते कधी सांगितलंच नव्हतं.

न सांगण्याचं कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांना सेक्टर 10मध्ये मोठं क्वार्टर मिळत होतं. पुढे बाग, मागे बाग, वर आणखी एक खोली. त्यांनी ते घेतलं नाही. माझी शाळा सेक्टर 2च्या घरापासून चालत सहा मिनिटांवर होती आणि मला स्कूटर येत नव्हती. "राहू दे, आपण दोघं अन् एक पोरगी, कितीक जागा लागते?" एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला होता आणि नंतर कधी काढलाही नाही. आता आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणत होते, मला असं घर पाहिजे. त्यात आडवं कसं यायचं?

संध्याकाळी मी अहवालाचा कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी तो दोनदा वाचला.

"एकशे अडुसष्ट! रत्ना, हे तर अमृत आहे."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"चांगलं काय, लय चांगलं आहे. आता बोल, राहिलं का काही?"

"नाही."

"तोंड कावून असं करून राहिली मंग?"

"उभं राहून पाय दुखले."

त्यांनी कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'टेस्टिंग बाय माय वाइफ'. आपल्याच विरुद्धच्या अर्जावर आपण सही केली आहे, असं मला वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी हैदराबादहून मुलीचा, प्रांजलीचा, फोन आला. तिचं बोलणं मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. "बाबा, पाणी मस्त आहे, ठीक आहे, लेकिन मम्मी वहाँ करेगी क्या? शेजारी कोण आहे?"

"शेजारी चणा आहे," अरुणकुमार म्हणाले. "अन् पलीकडे टमाटर."

"मम्मी, तू बोल ना काही."

"मले काही प्रॉब्लेम नाई," मी म्हटलं. खोटं बोलायला मला तीन सेकंदही लागले नाहीत. पाण्याच्या बाबतीत जमलं नव्हतं ते इथे सहज जमलं.

एकसारख्या घरांचा त्यांना राग का, हेही सांगायला हवं. आमच्या रस्त्यावरची चोवीस क्वार्टर्स एका साच्यातली आहेत. शहाण्णव साली एकदा सकाळी ड्यूटीवरून थकून आलेले अरुणकुमार सायकल लावून आत शिरले, पलंगावर बसून बूट काढले आणि म्हणाले, "चहा टाक." चहा आला. तो शेजारच्या पाणिग्रहींच्या सूनबाईने आणला होता. बिचारी डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. इतक्या अधिकाराने आलेल्या माणसाला नाही म्हणावं कसं, हे तिला कळलं नव्हतं. चहा पिऊन हे घरी आले ते कान लाल करून. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांचे मामेभाऊ गुलाबराव भेटले की पहिला प्रश्न विचारायचे, "आज चहा कोण्या घरी?"

गुलाबराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर पद्मनाभपुरलाच राहतात. अडतीस घरांची कॉलनी त्यांनीच आम्हाला सुचवली होती. अरुणकुमार तेव्हा म्हणाले होते, "त्या माचिसच्या डब्या? मी नाई येत बावा. जन्मभर साच्यात राहिलो, आता माझ्या मनानं राहू दे."

त्या पाण्याच्या चाचणीनंतर चार दिवसांनी गुलाबरावांच्या बायको, पंचफुलाताई, मला सोबत घेऊन कॉलनी दाखवायला गेल्या. "पाह्यला काय जाते? पाह्यचं अन् यायचं," असं म्हणाल्या. एकच घर उरलं होतं, तेवीस नंबरचं. कोपऱ्याचंही नाही, रांगेच्या बरोबर मधलं. मी खोल्या पाहिल्या, नळ उघडून पाहिले, गच्चीचा उतार पाहिला. स्वयंपाकघरात आले आणि खिडकी उघडली. समोर नऊ-दहा फुटांवर शेजारच्या घराची स्वयंपाकघराची खिडकी होती. आत एक बाई कारली तळत होती. माझ्याकडे पाहून तिने झारा हातात तसाच धरून विचारलं, "आप लोग ले रहे हैं क्या तेईस नंबर? ले लो, ले लो. कोई तो आए."

पंचफुलाताई हसायला लागल्या. मी मात्र खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिले. मला ते घर हवं होतं. मला इतकं स्पष्ट काही हवंसं वाटून बरीच वर्षं झाली होती. तळणाचा वास हवा होता, भाजीवाल्यापर्यंत चालत जाता येईल एवढं अंतर हवं होतं, आणि मध्येच छातीत दुखलं तर ज्यावर थाप मारता येईल असं एक दार हवं होतं.

एजंट म्हणाला, रविवार संध्याकाळपर्यंत ते घर तो धरून ठेवेल, नंतर नाही. आणि एकरावरच्या घराचं भूमिपूजन ठरलं होतं सोमवारी सकाळी. मला तोंड उघडायला वेळ होता तो तेवढाच.

"सांग ना भावजीले," परत येताना रिक्षात पंचफुलाताई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"अवं, मले नाई जमत म्हण. तोंडानं म्हण. मनातलं आयकू येत नाई नवऱ्याले, लग्नाले चाळीस वर्षं झाले तरी."

सुपेलाच्या चौकात रिक्षा गर्दीत अडकली, तेवढ्यात त्यांचा विषय बदलला.

एकतीस तारखेला निरोपसमारंभ झाला. विभागातल्या लोकांनी अरुणकुमारांना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये खास बनवलेली एक कुदळ दिली. दांड्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव लिहिलं होतं. "साहेब आता शेतकरी!" असं कुणी तरी ओरडलं आणि टाळ्या वाजल्या. अरुणकुमारांनी कुदळ खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतला. भाषणात ते म्हणाले की एकतीस वर्षं मी कंपनीच्या मापाच्या घरात राहिलो, आता स्वतःच्या मापाच्या घरात राहीन. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

शनिवारी जागेवर आखणी होती. आखणी म्हणजे घर खोदण्याआधी जमिनीवर काढायचं. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्याने पाहायचं, आणि मग दोरीच्या कडेने चुन्याची फक्की टाकत जायचं. हे काम लहानू मिस्त्रीकडे होतं. मूळचा गोंदियाकडचा, पस्तीस वर्षं भिलाईत. खाली भोकं पाडलेला पत्र्याचा डबा हलवत तो पांढरी रेघ इतकी सरळ ओढत होता की फळ्यावर मलाही कधी जमली नसती.

मी बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली जेवणाचा डबा घेऊन बसले होते. अरुणकुमार आलेखाच्या कागदावरून मापं वाचत होते. तीन वर्षांत त्यांनी तो नकाशा किती वेळा पुसून काढला होता ते मी पाहिलं होतं. आर्किटेक्टकडे ते गेले नाहीत. रेल मिलमध्ये रुळाच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी माल परत पाठवणारा माणूस, त्याला दुसऱ्याने काढलेली रेघ कशी पटणार? मी मात्र तो नकाशा कधी नीट वाचला नव्हता. वाचला असता तर ते घर खरं झालं असतं.

साडेदहाच्या सुमारास त्यांनी हाक मारली. "रत्ना, ये. झालं. घरात ये."

"चपला बाहेर काढू का?" मी विचारलं.

"काढ ना, व्हरांड्यात काढ," ते खूश होऊन म्हणाले. "हा व्हरांडा. अन् हे दार. दारातूनच ये हं, भिंतीतून नको येऊ."

मी दारातून आत गेले. पुढची खोली. डावीकडे वळले, आतली खोली. दोन पावलं सरळ जाऊन उजवीकडे स्वयंपाकघर. कुणी सांगितलं नव्हतं स्वयंपाकघर कुठे आहे ते. मी पांढऱ्या रेघांच्या मधे उभी होते, पायाखाली कापलेल्या धानाची खुंटं, आणि माझा उजवा हात दिव्याच्या बटणासाठी वर गेला. तसाच हवेत राहिला. मग मी मागच्या दाराकडे निघाले तर पाय आपोआप उचलला गेला, एक उंबरा ओलांडल्यासारखा. तिथे उंबरा नव्हता. उंबरा आमच्या क्वार्टरमध्ये आहे, चार इंचांचा. एकतीस वर्षं प्रत्येक पाहुणा त्याला ठेचकाळला आहे.

मी उलट फिरून सगळं पुन्हा पाहिलं. या वेळी मोजत पाहिलं.

त्याच वेळी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात लहानू डोकं खाजवत उभा होता. "साहेब, मंगापासून विचारीन म्हणून राहिलो. या खिडकीच्या अन् भिंतीच्या मंधात चौदा इंच कावून सोडले? याच्यात कपाट बसत नाई, खाट बसत नाई. खिडकी सरकवून देऊ का?"

अरुणकुमारांनी कागदाकडे पाहिलं. "नाई, नाई. तिथं जागा पाहिजे."

"कायची?"

"अशीच. पाहिजे तिथं थोडी." त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. "काही तरी होतं माझ्या डोक्यात."

"झाडूची," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"झाडू, फोल्डिंगची खाट, अन् प्रांजलीची जुनी बॅडमिंटनची रॅकेट. एकतीस वर्षं तिथंच आहे सगळं. दुसरं काही बसतच नाई त्या जागेत."

अरुणकुमारांनी कागदावरच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"स्वयंपाकघर किती काढलं आहे?" मी विचारलं. "थांबा, सांगू नका. आठ फूट दोन इंच बाय सात फूट अकरा."

त्यांनी कागद पाहिला. "तुले कसं माहीत?"

"पडद्यांसाठी मोजलं होतं. दोन हजार सहामध्ये."

सगळ्यात आधी हसला तो लहानू. फक्कीचा डबा खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून हसला. "अरे देवा! मी पण म्हणतो, हे घर पाह्यल्यासारखं वाटून राहिलं. साहेब, सेक्टर 2मधी प्लास्टरचं काम केलं ना मी चार वर्षं! हे तर तुमचं क्वार्टर होय!"

अरुणकुमार हळूहळू रेघांमधून चालत गेले. पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. मागच्या दाराशी त्यांचाही पाय उचलला गेला. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं. मग ते स्वयंपाकघराच्या मधोमध, चुन्याच्या रेघांच्या आत, धानाच्या खुंटांवर बसले.

"एक एकर जागा," ते म्हणाले. "कोणी अडवलं नाई, कोणी सांगितलं नाई असंच पाहिजे म्हणून. अन् तीन वर्षं मी..." त्यांनी कागद उलटा करून खाली ठेवला. "चौदा इंच पण सोडले, रत्ना!"

लहानू पाणी प्यायला जातो म्हणून पंपाकडे निघून गेला. समजूतदार माणूस. मी अरुणकुमारांच्या शेजारी, साधारण ओट्याच्या जागी, बसले. आता नाही बोलले तर सोमवारी नारळ फुटेल, हे मला दिसत होतं.

"पाणी चांगलं आहे," मी म्हटलं. "माती चांगली आहे. लहानूभाऊंचं काम चांगलं आहे. मले इथं राहायचं नाई."

त्यांनी मान वळवली. "कधीपासून?"

"बोअर मारली तेव्हापासून."

"दोन वर्षं झाले बोअरले."

"हो."

"मंग पाणी कायले तपासलं तू?"

"खराब निघावं म्हणून."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मंग खराब निघालं म्हणून सांगायचं ना! मी काय ब्युरेटमधी डोकावून पाह्यला येणार होतो?"

"एकशे अडुसष्ट होतं," मी म्हटलं.

ते रागावले असते तर मी समजू शकले असते. दोन वर्षं एका माणसाला एकट्याने स्वप्न बघू दिलं, ही चूक माझी होती. त्यांनी एक खुंट उपटलं, मोडलं, टाकलं. मग पंपाकडे बघत, जरा हळू आवाजात बोलायला लागले.

"मंगळवारी मी एकटा आलो होतो ना इथं. काम झालं तरी संध्याकाळपर्यंत थांबलो. म्हटलं, पाहू कसं वाटते. अंधार पडला. काहीच आवाज नाई, रत्ना. प्लांटची घरघर नाई, गाडीची शिट्टी नाई, कोणाच्या कुकरची पण नाई. मी मोटारीत जाऊन बसलो, काचा वर केल्या अन् रेडिओ लावला. म्हटलं, होईल सवय."

"मले सांगितलं नाई."

"तू तरी कुठं सांगितलं?"

मला हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. तेही हसायला लागले, पण मधेच थांबले.

"कुदळ दिली ना त्यांनी मले. नाव टाकून. आता काय तोंड दाखवू?"

"कुदळ चालवायचीच आहे," मी म्हटलं. "सकाळी यायचं, चालवायची. अन् संध्याकाळी घरी यायचं. शेतकरी पण शेतात झोपत नाई रोज."

त्यांनी त्यावर विचार केला. रुळाची कड तपासताना जसा चेहरा करत असतील तसा केला. "अन् घर म्हणजे? त्या माचिसच्या डब्या?"

"तेवीस नंबर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत. मी पाहून आली."

"म्हणजे तुझं सगळं ठरलंच होतं."

"ठरलं काहीच नव्हतं. फक्त हवं होतं."

ते उठले, पँट झटकली आणि खिशातून फोन काढला. मला वाटलं, एजंटला लावतील. त्यांनी गुलाबरावांना लावला. आवाज मोठा होता, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू आलं.

"काय म्हणतो? दोन वर्षं मले माचिसच्या डब्या, माचिसच्या डब्या म्हणून चिडवलं, अन् आता त्याच डबीत काडी होऊन येतो का?"

"येतो बावा. धरून ठेव त्या एजंटले."

"धरतो. पण एक सांगतो अरुण, अडतीस घरं आहेत. सगळे सारखे. चहाले जरा पाहून जाजो."

फोन ठेवून अरुणकुमार वळले तेव्हा त्यांच्या खांद्यांत काही तरी सुटलं होतं. माझ्याही. पाठीवर ओझं आहे हे ते उतरल्यावरच कळतं. मी मोहाखाली जाऊन डबा उघडला आणि तिघांना वाढलं. लहानूने पोळीत भेंडी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मंग साहेब, सोमवारचं काय? माझं काम गेलं का?"

"काम कुठं गेलं? एक खोली बांध पंपाशेजारी. पुढं व्हरांडा. कुदळ ठेवायले अन् दुपारी आडवं व्हायले."

"नकाशा?"

"नकाशा तूच काढ," अरुणकुमार म्हणाले. "मी काढला तर पुन्हा क्वार्टरच निघन."

"अन् ही फक्की? एवढी टाकली."

"राहू द्या," मी म्हटलं. "जमिनीला थोडा चुना चांगलाच असतो."

त्या पांढऱ्या घरात पुढच्या आठवड्यात चणा पेरला गेला.

डिसेंबरमध्ये आम्ही तेवीस नंबरमध्ये आलो. सेक्टर 2 सोडताना मी आतल्या खोलीच्या कोपऱ्यातून झाडू काढला, खाट काढली, रॅकेट काढली. ती जागा रिकामी झाल्यावर भलतीच अरुंद दिसली. तेवीस नंबरमध्ये झाडू ठेवायला कुठेच जागा नाही, ही त्या घराची एकमेव गैरसोय आहे असं पहिले दहा दिवस मला वाटत होतं. कारली तळणाऱ्या शेजारणीचं नाव अनुजा. तिने दुसऱ्याच दिवशी खिडकीतून वाटी पुढे केली आणि मी हात लांब करून ती घेतली. खिडकीपासून खिडकी नऊ फूट चार इंच आहे. तिचा हात आणि माझा हात मिळून साडेचार फूटही होत नाहीत, म्हणून वाटी एका काठीला बांधलेल्या टोपलीतून आली. ती व्यवस्था तिने शेजारी कुणी येण्याची वाट बघताना आधीच तयार करून ठेवली होती.

अकराव्या दिवशी तिथे पहिल्यांदा तुरीची डाळ लावली, ती शिजेना. चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, दाणे तसेच. मी नळाचं पाणी बाटलीत भरलं, आधी दहा मिनिटं नळ चालू ठेवून, बाटली तीनदा विसळून, आणि शाळेत गेले. ममताने ब्युरेट लावून दिलं. मी थेंब सोडायला लागले. आठ झाले, दहा झाले, पंधरा झाले. रंग लालच. सत्ताविसाव्या मिलिलिटरला निळा झाला. पाचशे चाळीस. तीनदा केलं, तीनदा तेच.

घरी येऊन मी कागद टेबलावर ठेवला. अरुणकुमारांनी चष्मा खाली ओढला.

"पाचशे चाळीस?"

"हो."

"खरं सांगून राहिली ना?"

"तीनदा केलं."

"म्हणजे या पाण्यात डाळ शिजणार नाई," ते म्हणाले. गंभीर व्हायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो जमला नाही. "म्हणजे प्यायला अन् सैपाकाले पाणी तिकडूनच आणा लागन. म्हणजे मले जाच लागन."

"एक दिवसाआड जावं लागेल," मी म्हटलं.

"रोज गेलो तर ताजं राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोटारीत कुदळ टाकली आणि वीस लिटरचे दोन कॅन टाकले. फाटक उघडताना अनुजाने पाहिलं आणि विचारलं, अंकल कहाँ. संध्याकाळपर्यंत तिचाही एक कॅन आमच्या दारात आला. त्यानंतरच्या आठवड्यात गुलाबरावांचे दोन आले. आता सकाळी अरुणकुमार निघतात तेव्हा गाडीची मागची सीट कॅनांनी भरलेली असते. एकसारखे निळे कॅन, सगळे एका मापाचे. कुणाचा कोणता ते कळावं म्हणून मी प्रत्येकावर घराचा नंबर लिहून दिला आहे.

ते गेले की मी पंचफुलाताईंबरोबर भाजीला जाते, पायी. येताना दमले तर वाटेतल्या कोणत्याही फाटकाशी थांबून बसते. ते संध्याकाळी साडेपाचला परत येतात. हातात माती, मागे गोड पाणी. आजवर एकदाही चुकून चोवीस नंबरमध्ये शिरलेले नाहीत. पण चहा मी दारातच घेऊन उभी राहते.